पाखराच्या किती जवळ जावे?

बंदूक खाली ठेवून कॅमेरा हाती घेतला की माणूस पाखरांचा मित्र झाला, असे आपण सहज धरून चालतो. फोटो काढणारा काही नेत नाही, काही मारीत नाही. पाखरू जिथल्या तिथे राहते आणि घरी येते ते केवळ चित्र. त्यामुळे ज्या छंदांविषयी उपदेशपीठावरून कधी शब्द निघत नाही, त्यांपैकी हा एक आहे. दारू, जुगार, सिनेमा यांवर उपदेश पुष्कळ झाले; पाणथळीच्या काठी चिखलात पोटावर पडून शेकाट्याचा फोटो काढणाऱ्या तरुणाला कोणी काही बोलले नाही. बोलावे असे आमचेही म्हणणे नाही. उलट आमच्या मंडळीतील काही तरुण या नादाला लागल्यापासून पहाटे उठू लागले, याचा त्यांच्या आईवडिलांना झालेला आनंद आम्ही पाहिला आहे. तरीपण निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या गोष्टीत एखादा नैतिक प्रश्न दडलेला असतो काय, हे तपासून पाहण्यास हरकत नसावी. मोठ्या पापांची यादी आपल्याला पाठ असते. लहान गोष्टींत मात्र मनाला सवलत देण्याची सवय लागते.

आपल्या मराठी भाषेने हा प्रश्न आधीच ओळखून ठेवलेला दिसतो. पाखरू दाणा टिपते, शिकारी सावज टिपतो आणि फोटो काढणाराही दृश्य टिपतो. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. इंग्रजांनीही या कामासाठी बंदुकीचाच शब्द उचलला आहे. शब्दावरून कोणी दोषी ठरत नाही, हे खरे. पण या तिन्ही टिपण्यांत ज्याला टिपायचे त्याला कोणी विचारीत नाही, एवढे साम्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इतिहासही या नात्याचीच साक्ष देतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली रानातल्या घरट्याचा, आतील अंड्यांसकट, फोटो काढला आणि १८९५ मध्ये अशाच फोटोंनी भरलेले पुस्तक प्रसिद्ध केले. पाखरे बुजू नयेत म्हणून बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार करून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह उभे राहण्यापर्यंत त्यांची मजल गेली. शिकारीसुद्धा अशीच सोंगे घेत आले आहेत. आपल्या देशात डॉ. सालिम अली यांची वाट सुरू झाली तीच मुळी १९०८ साली, पोरवयात छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढचे सारे आयुष्य त्या प्रश्नाने ठरवले. बंदुकीकडून दुर्बिणीकडे आणि दुर्बिणीकडून कॅमेऱ्याकडे झालेला प्रवास चांगलाच आहे. त्याला उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु प्रवासात जुने सामान बरोबर येते. एरिक हॉस्किंग हे इंग्लंडचे नामांकित पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली एका घुबडाच्या घरट्यापाशी रात्री काम करीत असता घुबडाने त्यांच्या चेहऱ्यावर झडप घातली व डावा डोळा कायमचा गेला. पुढे आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या डोळ्यावरून ठेवले. ही हकीकत धैर्याची म्हणून सांगितली जाते, आणि धैर्य त्यात आहेच. पण घुबडाच्या बाजूने ती कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आपल्या जवळच्या गोष्टीकडे येऊ. या मासिकाचे वाचक जिथे जिथे पांगले आहेत, तिथे बहुधा पाणथळ जागा आहेच. वडोदऱ्याच्या लोकांना डभोईकडचा वढवाणा तलाव ठाऊक आहे. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत तो शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला; २०२१ साली त्याची जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नोंद झाली. इंदूरकरांचे सिरपूर तळे आणि यशवंतसागर, तसेच गोव्यातील कुडचड्याजवळचे नंदा तळे ही २०२२ मध्ये त्याच यादीत आली. थंडीच्या दिवसांत अशा ठिकाणी उत्तरेकडून हजारो पाखरे उतरतात. त्यांतील लांब पायांची, उथळ पाण्यात आणि चिखलात चालत चरणारी मंडळी म्हणजे शेकाटे, तुतवार, चिखले, पाणटिवळे, उचाटे. त्यांचे दुरून फारसे काही दिसत नाही. चिखलाच्याच रंगाचे ठिपके हलताना दिसतात, एवढेच. पायांचा गुलाबी रंग, पिसांच्या कडांवरची नक्षी, चोचीला लागलेला ओला चिखल आणि डोळ्यांत उतरलेले आकाश पाहायचे तर जवळ जावे लागते, आणि तेही त्यांच्या उंचीवर उतरून. म्हणून चांगला फोटो काढणारा उभा राहत नाही, आडवा होतो. माणसाने पाखराच्या पातळीवर यावे, ही गोष्ट आम्हाला मनापासून आवडते.

पण ते पाखरू तिथे काय करीत असते, हे जाणून घेतल्याशिवाय आपण त्याच्या पातळीवर आलो असे म्हणता येणार नाही. ते सहलीला आलेले नसते. पाणटिवळ्याच्या चोचीच्या टोकाला इतकी सूक्ष्म जाण असते की न दिसणारा किडा चिखलाच्या आत त्याला चोचीनेच समजतो. सारी चोच रुतलेली असताना वरच्या चोचीचे नुसते टोक उचलून तो किडा पकडतो. असे दिवसभर, आणि पुष्कळदा रात्रीही, चालते. कारण या खाण्यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो. या कुळातील एका जातीच्या मादीला शास्त्रज्ञांनी लहानसे यंत्र बसवले होते. ई-७ या खुणेने ती ओळखली जाते. २००७ साली ती अलास्काहून उडाली ती थेट न्यूझीलंडला उतरली. साडेअकरा हजार किलोमीटरांच्या आसपास अंतर, सुमारे आठ दिवस आणि आठ रात्री, वाटेत अन्न नाही, पाणी नाही, विसावा नाही. २०२२ मध्ये त्याच जातीचे एक पिल्लू, वय अवघे पाच महिने, अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर ११ दिवसांत गेले. निघण्यापूर्वी ही पाखरे अंगावर चरबीचा साठा चढवतात, आणि वजन हलके व्हावे म्हणून त्यांची आतडी व पचनाचे इतर अवयव आक्रसून लहान होतात. आपल्या तळ्यावर येणारे पाणटिवळे त्याच गोत्रातले. त्यांचा प्रवास याहून पुष्कळ लहान आहे, पण हिशेबाची रीत तीच. यिर्मया संदेष्ट्याने करकोच्याचे उदाहरण देऊन लोकांना सुनावले होते की पाखराला आपला नेमलेला काळ कळतो, पण माझ्या लोकांना न्याय कळत नाही. संदेष्ट्याचा देश करकोच्यांच्या वाटेवरच आहे. त्याने ते थवे स्वतः पाहिले असणार.

अशा पाखराला आपण एकदा उडवले तर काय बिघडते? एकदाच उडवले तर फारसे नाही. ते गिरकी घेऊन पलीकडे उतरते. पण त्या एका उडण्यात दोन नुकसाने होतात: जमवलेले थोडे खर्च होते आणि तेवढा वेळ चरणे बंद पडते. त्यानंतर दुसरा कॅमेरेवाला येतो, मग तिसरा. प्रत्येकाच्या मते आपण एकदाच गेलो. हिशेबाची वही मात्र पाखराजवळ एकच असते. इथे नैतिक विचारातली एक जुनी अडचण समोर येते. नुकसान इतके बारीक वाटले गेले की कोणा एकाच्या वाट्याला दोष म्हणण्याएवढे येत नाही, आणि बेरीज मात्र मोठी होते. नदीत टाकलेल्या घाणीची, वीजचोरीची, मंडळीच्या दानपेटीत न पडलेल्या नाण्यांची गोष्ट हीच आहे. माझ्या एकट्याने काय होणार, हा युक्तिवाद खोटा नसतो, म्हणून तर तो घातक असतो.

शिवाय पाखरू उडण्याच्या आधी सांगते. चरता चरता मान वर करते आणि तशीच ठेवते. चोच पाण्याबाहेर थांबते. मग दोनचार पावले आपल्यापासून दूर चालू लागते, मग आवाज देते, आणि मग उडते. म्हणजे चार वेळा सांगून झाल्यावर ते जाते. ज्याला त्याच्या डोळ्यातली चमक टिपता येते त्याला ही मान दिसली नाही, असे म्हणता येणार नाही.

आणि उडालेले पाखरूच ज्यांना हवे असते, त्यांचे काय? एका धरणाच्या फुगवट्यावर आम्ही मंडळीतील काही तरुणांसह रोहित पक्षी पाहायला गेलो होतो. होडीवाले काका मासेमारी करणाऱ्या समाजातले, पन्नाशी उलटलेले. पुढे एक होडी थव्याच्या दिशेने सरळ घुसली, पाखरे उठली, आणि त्या होडीतून कॅमेऱ्यांचा कडकडाट ऐकू आला. आमच्यातील एकाने विचारले, "काका, हे असे रोज चालते का?" ते म्हणाले, "रोज नाही. शनिवार-रविवार." (रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी, हे आम्ही मुद्दाम अधोरेखित करीत नाही.) मग आपणहून पुढे बोलले, "साहेब, बसलेला रोहित लोकांना नको असतो. लाल पंख पाहायचा तर तो उडाला पाहिजे. होडी जरा आत घाला म्हणतात, वर पैसे देतात. मी नाही म्हटले तर पुढच्या खेपेला शेजारच्याची होडी करतात. पाखरू काही माझे नाही. होडीचा हप्ता माझा आहे."

या बोलण्याला उत्तर देणे सोपे नाही. होडीवाल्याला दोष देऊन मोकळे होणारे लोक आहेत. स्थानिक लोकांना निसर्गाची किंमत नाही, असे ते म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. काकांना पाखरांची किंमत आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होती. कोणता थवा केव्हा उतरला, पाणी किती ओसरले की तो कुठे सरकतो, हे त्यांनी आम्हाला न विचारता सांगितले. त्यांच्या हातून वाईट होते ते दुसऱ्याच्या पैशाने. भाडे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या कामात आपला हात किती, हा प्रश्न पिलातापासून चालत आला आहे आणि पाण्याने हात धुवून त्याला तो सोडवता आला नाही. ज्याच्याजवळ नाही म्हणण्याची ऐपत आहे त्याने आधी नाही म्हणावे. लाख रुपयांची लेन्स घेऊन होडीत बसलेल्याला ती ऐपत आहे. "काका, लांबच थांबा, वेळ लागू द्या, पैसे तेवढेच देऊ" हे वाक्य त्यानेच उच्चारायचे आहे. त्या दिवशी आमच्या तरुणांनी ते उच्चारले. काका हसले आणि वल्हे आडवे ठेवून विडी पेटवून बसले.

घरट्याची गोष्ट याहून कठीण, आणि आमच्या मते याहून स्पष्ट आहे. टिटवी सर्वांच्या ओळखीची आहे. उन्हाळ्यात ती उघड्या माळावर, शेताच्या बांधावर, कधी शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, जमिनीवरच चार खडे इकडेतिकडे सारून बहुधा चार अंडी घालते. अंडी मातीच्याच रंगाची. सुमारे महिनाभर नरमादी आळीपाळीने बसतात. हे बसणे निव्वळ ऊब देण्यासाठी नसते; वैशाखाच्या उन्हात अंडी भाजू नयेत म्हणून सावली धरण्यासाठी असते. टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन ती ओल अंड्यांना देते. अशा वेळी आपण कॅमेरा घेऊन जवळ गेलो की ती उठते, डोक्यावर घिरट्या घालते, ओरडते. फोटो उत्तम येतो. पंख पसरलेले, चोच उघडी, डोळा लाल. तेवढा वेळ अंडी उन्हात असतात. कावळाही ते ओरडणे ऐकतो आणि माणूस गेल्यावर तिथे काय आहे ते पाहायला उतरतो. कंठेरी चिखल्या नावाचे लहान पाखरू तर पंख मोडल्याचे सोंग करून लंगडत लंगडत शत्रूला पिलांपासून दूर नेते. त्या सोंगाचेही फोटो काढतात, कौतुकाने एकमेकांना दाखवतात. त्या चित्रात खरे पाहता काय आहे? एका आईची भीती आहे, आणि ती चित्र काढणाऱ्यानेच निर्माण केलेली आहे.

आपल्या देशाच्या कायद्याने याविषयी जी भूमिका घेतली आहे ती फार थोड्यांना माहीत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या दिली आहे. वन्य पाखराला मारणे, पकडणे हे तिच्यात आहेच. परंतु त्याची अंडी किंवा घरटे यांना उपद्रव देणे हेसुद्धा त्याच व्याख्येत घातले आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने घरटे विसकटवणारा कॅमेरेवाला आणि बंदूकवाला एकाच शब्दाखाली येतात. इंग्लंडातही १९८१ च्या कायद्याने काही दुर्मिळ पाखरांना घरट्यापाशी त्रास देणे गुन्हा ठरवला आहे. तशा पाखराचा घरट्यावरचा फोटो काढायचा तर परवाना लागतो.

पण कायदा येण्याच्या कितीतरी आधी पवित्र शास्त्रात घरट्याची दखल घेतली गेली. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील तो लहानसा नियम आपण बहुधा वाचून पुढे जातो. वाटेने जाताना झाडावर किंवा जमिनीवर घरटे आढळले आणि आई पिलांवर वा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर आईलाही धरू नये, तिला जाऊ द्यावे, असे तिथे सांगितले आहे. हा नियम उपाशी माणसासाठी आहे. त्याला अंडी खाण्याची मुभा ठेवली आहे. आई बसून राहते ती तिच्या मायेमुळे. त्या मायेचा फायदा घेऊन तिला पकडणे तेवढे मना केले आहे. आणि नवल असे की या नियमाला जे वचन जोडले आहे, तुझे बरे व्हावे आणि तुझे आयुष्य वाढावे या अर्थाचे, तेच आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला जोडलेले आहे. दहा आज्ञांतील एक थोर आज्ञा आणि रस्त्याकडेचे एक घरटे यांना एकाच वचनाने बांधणाऱ्याने ते चुकून केले असेल, असे आम्हाला वाटत नाही. भुकेल्याला जी मर्यादा, ती हौस भागवणाऱ्याला नसावी काय? रेव्हरंड ना. वा. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आपण शाळेत शिकलो. घायाळ झालेली पक्षीण पिलांसाठी घरट्यापर्यंत पोहोचते, ती गोष्ट. तिथे दोषी शोधावा लागत नाही, बाण दिसतो. अंडी उन्हात तापली तर बाण दिसत नाही, आणि टिपणारा घरी निघून गेलेला असतो.

इथपर्यंत वाचून एखादा तरुण वाचक रागावला असेल तर त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. तो म्हणेल, जवळ गेल्याशिवाय प्रेम कसे बसणार? ज्याने शेकाट्याचा डोळा पाहिला नाही तो तळे बुजवायला निघालेल्या बिल्डरशी भांडणार कशाला? यात तथ्य आहे, आणि दोन उदाहरणे तर आम्हीच त्याच्या हाती देतो. बिटर्न हा वेतांच्या दाटीत लपणारा बगळ्याच्या कुळातला पक्षी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची वीण इंग्लंडातून नाहीशी झाली होती. १९११ साली नॉर्फकमध्ये एमा टर्नर या बाईंनी बिटर्नच्या पिलाचा फोटो काढला आणि तो पक्षी परत आल्याचे सिद्ध झाले. त्या तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या आणि तिथल्या पाण्यावर होडीघरात राहून काम करीत. दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग धरणाजवळ अमूर ससाणे जाळ्यांत धरून मोठ्या संख्येने मारले जात असल्याची छायाचित्रे बाहेर आली. ती पाहून देश हादरला. गावकऱ्यांशी बोलणी झाली, तिथल्या बाप्टिस्ट मंडळ्यांनीही पुढाकार घेतला, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ती हत्या थांबली. फोटोने पाखरांचे प्राण वाचवल्याचा याहून मोठा दाखला आम्हास माहीत नाही. आणि तो दाखला ख्रिस्ती गावांतला आहे, याचा आनंद आम्ही लपवीत नाही.

तरीही या दोन उदाहरणांनी काय सिद्ध होते ते नीट पाहावे. तो फोटो साक्षीसाठी होता. साक्षीची गरज असते तेव्हा जवळ जाण्याचे कारण पाखराच्या हिताचे असते, आणि ते कारण संपले की जवळ जाणेही संपते. एमा टर्नरबाईंच्या फोटोने जे सिद्ध झाले ते दुसऱ्या माणसाने तसाच दुसरा फोटो काढून अधिक सिद्ध होणार नव्हते. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या निसर्ग-छायाचित्रकारांसाठीच्या संहितेतही छायाचित्रापेक्षा प्राण्याचे हित मोठे मानले आहे. हे त्या धंद्यातल्या जाणत्यांनीच लिहून ठेवले आहे, बाहेरच्या उपदेशकाने नव्हे. प्रेम बसण्याविषयी म्हणाल, तर प्रेम आणि मालकी यांची गल्लत आपल्याकडून घरातसुद्धा होते. मुलाला क्षणभर नजरेआड होऊ न देणारी आई प्रेमच करीत असते. पण त्या प्रेमात मुलगा कुठे उरला, हे कोणीतरी विचारायला हवे असते. शेकाट्याचे शंभर फोटो घरी असताना एकशे-एकावा आणखी दोन हात जवळून हवा असतो, तेव्हा आपण शेकाट्यासाठी जात नाही. आपल्या नावासाठी जातो, किंवा शेजाऱ्याने काढलेल्या फोटोसाठी जातो.

मग जवळ जाऊच नये काय? असा अर्थ आम्ही काढीत नाही. जवळीक दोन प्रकारची असते, एक घेतलेली आणि एक दिलेली. या छंदातल्या जुन्या लोकांना हा फरक हातानेच कळलेला असतो. ते पाखरामागे जात नाहीत. ऊन पाठीशी येईल अशी जागा पाहून पाखरे येण्याच्या आधी, अंधारातच, तिथे जाऊन आडवे होतात. खाडीकिनारी असतील तर भरतीचे वेळापत्रक पाहतात. पाणी चढू लागले की चरणारी पाखरे आपोआप किनाऱ्याकडे सरकतात, आणि न हललेल्या माणसाला दगड समजून कधी कधी इतकी जवळ येतात की लेन्समध्ये मावत नाहीत. ते अंतर पाखराने ठरवलेले असते. होरेबाजवळ मोशे जळत्या झुडपाकडे नीट पाहायला निघाला, तेव्हा पाहण्याबद्दल त्याला दोष दिला गेला नाही. जवळ येऊ नको, पायातले काढ, एवढेच सांगितले गेले. आणि पुढचे सारे बोलणे त्या अंतरावरूनच झाले. मोशेचे काही कमी पडले नाही. अर्थात एक पाखरू म्हणजे जळते झुडूप नव्हे, हे आम्ही जाणतो; उपमेला तिच्या जागी ठेवावे. पण प्रभूने आकाशातील पाखरांकडे पाहायला सांगितले, तेव्हा चिंतेने पोखरलेल्या माणसांना सांगितले, आणि बसल्या जागेवरून पाहायला सांगितले.

संडे स्कूलच्या शिक्षकांपैकी काहींनी मुलांना तळ्यावर न्यायचे ठरवले आहे म्हणून थोडे व्यवहाराचे. तीस मुले एका वेळी नेऊ नयेत, आठ-दहा पुरे. लाल-पांढरे कपडे नकोत, मातकट असावेत. एखादी दुर्बीण बरोबर असली तर मोबाईल पिशवीत राहतो. एका जागी बसून तासभर पाहावे आणि मुलांना एकच काम द्यावे: पाखराने मान केव्हा वर केली ते वहीत लिहायचे. दहा वर्षांच्या मुलालाही ही मान लगेच ओळखता येते, हा आमचा अनुभव आहे. मान वर राहिली की सगळ्यांनी दोन पावले मागे. मार्च ते ऑगस्ट या काळात माळावर टिटवी ओरडू लागली तर घरटे शोधायला मुलांना सोडू नये. आल्या वाटेने परत फिरावे आणि ती गप्प होईपर्यंत चालत राहावे. वाटेत कोणी मोठा माणूस "इथे अंडी आहेत, या, दाखवतो" असे प्रेमाने म्हणाला, तरी त्याला नम्रपणे नको म्हणावे. मुलांना हे विचित्र वाटेल. त्यांना कारण सांगावे; कारण सांगितले की मुले ऐकतात, मोठी माणसेच ऐकत नाहीत.

एखाद्या मुलाच्या नशिबाने पाखरू आपणहून चालत जवळ आले, तर त्याने अवश्य फोटो काढावा. त्याला अडवू नये. फक्त फोटो झाला की टाळी वाजवून उठू नये, हे आधी सांगून ठेवावे. आडवे पडून जेवढे सावकाश गेलो तेवढेच सावकाश मागे सरकत यावे लागते, आणि पाखरू चरतच राहिले पाहिजे. या परतण्याला जाण्याइतकाच वेळ लागतो. म्हणून परतीच्या गाडीची वेळ ठरवताना अर्धा तास जास्त धरावा, आणि मुलांच्या घरी तसे आदल्या रविवारीच कळवावे.